चिखलातली ठेव

ओहोटी लागल्यावर कांदळवनात पाय टाकला की सगळ्यांत आधी वास येतो. कुजलेल्या अंड्यासारखा, नाकात बसणारा. पाय पोटरीपर्यंत रुततो, उपसून काढताना चिखल सोडता सोडत नाही, आणि वरच्या तपकिरी थराखालून काळाकुळकुळीत गाळ वर येतो. मूठभर गाळ बोटांनी चोळून पाहा. केसांसारखी बारीक मुळं हाताला लागतात, अर्धवट कुजलेल्या पानांच्या शिरा लागतात, एखादा शिंपल्याचा तुकडा. शेजारून निवटी टुणकन उडी मारून पाण्यात जाते.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो येतोय, म्हणजे इथल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नाही. कांदळवनाच्या कार्बनचं सगळं अर्थकारण ह्या एका गोष्टीवर उभं आहे. डोंगरावरच्या जंगलात पान गळतं, वाळवी, बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेत परत जातो. खाडीच्या चिखलात कुजण्याचं हे काम फार सावकाश चालतं. त्यात दर भरतीला वरून नवा गाळ येऊन बसतो आणि कालचं पान आजच्या गाळाखाली गाडलं जातं. असं शतकानुशतकं चालतं. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेनही गोड्या पाण्याच्या दलदलीच्या मानाने कमी तयार होतो.

हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या कांदळवनांचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात एका हेक्टरमध्ये सरासरी 1,023 टन कार्बन आढळला आणि त्यातला निम्म्याहून जास्त, काही ठिकाणी तर जवळजवळ सगळाच, जमिनीखाली होता. एक टन कार्बन हवेत गेला की 3.67 टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे अडीच एकर कांदळवनात साधारण पावणेचार हजार टन कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तिथे कोळंबीची तळी खणली, बांध घालून जागा कोरडी केली किंवा बांधकामासाठी चिखल उकरला, की हवा आत शिरते आणि शेकडो वर्षांची ठेव काही वर्षांत बाहेर पडू लागते. कांदळवनं, समुद्री गवताची कुरणं आणि खारे पाणथळ गवताळ पट्टे यांच्यातल्या या साठ्याला 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने ‘निळा कार्बन’ हे नाव रूढ केलं.

आता पैशाकडे येऊ. इथे बहुतेकांचा पहिलाच गैरसमज होतो. एवढा कार्बन चिखलात आहे तर त्याची किंमत मिळेल, असं वाटतं. पण कार्बन बाजार मुद्दलाचे पैसे देत नाही. तो दोनच गोष्टींचे पैसे देतो. एक, यंदा या जागेने हवेतून नव्याने किती कार्बन ओढला. दुसरं, हे जंगल तुटणारच होतं आणि आपण ते थांबवलं, तर तुटण्याने जो कार्बन हवेत गेला असता तो किती. कुणीही हात न लावलेलं, कुणाचा डोळा नसलेलं घनदाट कांदळवन चिखलात कितीही साठा बाळगून असलं, तरी बाजाराच्या लेखी त्याची कमाई जवळजवळ शून्य. हे अन्यायाचं वाटतं, आणि मलाही ते तसंच वाटतं. पण बाजार कसा चालतो हे कळल्याशिवाय त्याच्याकडून काय मागायचं ते ठरवता येत नाही.

हा बाजारही एक नाही. पहिला सक्तीचा. सरकार कारखान्यांना आणि वीजकेंद्रांना उत्सर्जनाची मर्यादा घालून देतं. ज्याचं कमी झालं तो उरलेला हक्क विकतो, ज्याचं जास्त झालं तो विकत घेतो. युरोपीय संघाचा असा बाजार 2005 पासून चालू आहे. दुसरा ऐच्छिक. एखादी विमान कंपनी, बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनी आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात जगात कुठेतरी तेवढा कार्बन कमी करणाऱ्याला पैसे देते आणि ‘कार्बन क्रेडिट’ विकत घेते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ते खरं आहे का, हे तपासणारे तिसरेच असतात: नियम ठरवणाऱ्या संस्था आणि त्यांनी मान्यता दिलेले तपासनीस. किनाऱ्यावरची आजवरची बहुतेक कामं या ऐच्छिक बाजाराच्या पैशावर झाली आहेत.

ह्या पैशाने खरोखर काय होतं ते पाहायचं तर केनियात जावं लागेल. मोंबासाच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर क्वाले जिल्ह्यात गाझी नावाचा उपसागर आहे. काठावर गाझी आणि माकोंगेनी ही गावं. मासेमारी हा मुख्य धंदा. इथल्या कांदळाचे सरळसोट वासे घरांना लागायचे, चुलीला लागायचे. 1970च्या दशकात तर उद्योगांच्या भट्ट्यांना सरपण म्हणून जंगलाचे मोठे पट्टे साफ करण्यात आले. झाडं गेली आणि ती आपोआप परत आली नाहीत. 1991च्या सुमारास जेम्स कैरो या केनियाच्या शास्त्रज्ञांनी इथे कांदळ पुन्हा लावायला सुरुवात केली. पुढे केनियाची सागरी व मत्स्य संशोधन संस्था आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबरा नेपिअर विद्यापीठातले मार्क हक्सम यांच्यासारखे संशोधक वर्षानुवर्षं तिथल्या झाडांचं आणि चिखलाचं मोजमाप करत राहिले. या वीस वर्षांच्या मोजणीवर 2013 साली ‘मिकोको पमोजा’ हा कार्बन प्रकल्प उभा राहिला. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ ‘कांदळ, सगळे मिळून’.

प्रकल्प लहान आहे, आणि मला तो म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. एकूण 117 हेक्टर. वर्षाला साधारण 3,000 टनांची क्रेडिट. सुरुवातीच्या वर्षांत त्यातून 12 ते 15 हजार डॉलर मिळत, म्हणजे टनाला चार-पाच डॉलर. हेक्टरी हिशेब केला तर वर्षाला शंभर-सव्वाशे डॉलर. एखाद्या गुंतवणूकदाराने हा आकडा पाहून वही मिटवली असती. गाझीच्या लोकांनी मिटवली नाही, कारण त्यांचा हिशेब हेक्टरचा नव्हता, गावाचा होता. या पैशातून पाण्याची योजना झाली आणि सुमारे साडेतीन हजार लोकांना स्वच्छ पाणी मिळू लागलं. सातशे शाळकरी मुलांना पुस्तकं आणि शालेय साहित्य मिळालं. 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या गावांना मिळालं.

या सगळ्यामागची यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. जंगल सरकारच्या मालकीचं. पण केनियाच्या वन कायद्याने गावकऱ्यांच्या वनसंघटनेला वनखात्याबरोबर करार करून त्याची देखभाल करता येते. गाझीचा कारभार गावातून निवडून आलेली समिती पाहते. पैसा कशावर खर्च करायचा हे ‘बाराझा’त ठरतं. बाराझा म्हणजे आपल्याकडच्या ग्रामसभेसारखी गावाची बैठक. शास्त्रज्ञांचं मंडळ सल्ला देतं. क्रेडिट विकण्याचं काम स्कॉटलंडमधली एक धर्मादाय संस्था करते. प्रकल्प ज्या ‘प्लॅन विवो’ प्रमाणकाखाली नोंदवलेला आहे, त्याची अट आहे की विक्रीच्या उत्पन्नातले किमान 60 टक्के स्थानिक लोकांपर्यंत पोचले पाहिजेत. कार्बन प्रकल्पाची कागदपत्रं हातात पडली की ही एक ओळ आधी शोधावी, असं मी म्हणेन. ती सापडली नाही, तर बाकीची पानं उलटण्यात फारसा अर्थ नाही.

आणि मोजणी. ठरावीक चौकोन आखलेले असतात. त्या चौकोनातल्या प्रत्येक खोडाला टेप लावून घेर घ्यायचा. एरवी झाडाचा घेर माणसाच्या छातीच्या उंचीला घेतात. पण कांदळाच्या काही जातींचं खोड जमिनीवर टेकतच नाही, ते कमानीसारख्या मुळांवर उभं असतं. म्हणून सगळ्यांत वरची मूळकमान शोधायची, तिच्यावर फूटभर जागा सोडायची आणि तिथे टेप गुंडाळायचा. हे सगळं ओहोटीच्या चार-पाच तासांत, डास मारत, चिखलात पाय रोवून. एडिनबरात किंवा न्यूयॉर्कमध्ये पडद्यावर विकल्या जाणाऱ्या त्या एका टनाच्या मुळाशी असा टेप असतो, आणि तो धरणारा माणूस प्रामाणिक असावा लागतो.

आणखी एक अडचण होती. गाझीचं जंगल राखलं तर लोक सरपणाला आणि घराच्या वाशांना जाणार कुठे? पलीकडच्या खाडीतली झाडं तोडणार असतील तर काहीच साधलं नाही. कार्बन बाजाराच्या परिभाषेत याला गळती म्हणतात. गाझीकरांनी त्यावर काढलेला उपाय कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल: त्यांनी सुरू लावला. आपल्या किनाऱ्यावर दिसतं तसंच सुरूचं बन, भराभर वाढणारं, जळणाला आणि बांधकामाला उपयोगी. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला वांगा इथे याच धर्तीवर आणखी मोठा, सुमारे 460 हेक्टरांचा प्रकल्प पुढे सुरू झाला.

लहान प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाला सिंध आहे. कराचीच्या पूर्वेला सिंधू नदीच्या मुखाशी, कच्छच्या रणाच्या पलीकडे, ‘डेल्टा ब्लू कार्बन’ हा प्रकल्प 2015 पासून चालू आहे. क्षेत्र सुमारे साडेतीन लाख हेक्टर, मुदत 60 वर्षं, भागीदार सिंधचं वनखातं आणि एक खासगी कंपनी. लागवड मुख्यतः तिवराची, म्हणजे ठाणे आणि वाशीच्या खाडीकाठी दिसतं तेच झाड. नोव्हेंबर 2022 मध्ये सिंगापूरच्या एका बाजारमंचावर या प्रकल्पाच्या क्रेडिटचा लिलाव झाला, तेव्हा टनाला 27.80 डॉलर भाव आला. त्या वर्षी ऐच्छिक बाजारातला सरासरी भाव सात डॉलरच्या आसपास होता. कोलंबियाच्या सिस्पाता उपसागरातल्या प्रकल्पाने 2021 मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. झाडांबरोबर चिखलातलाही कार्बन पूर्णपणे हिशेबात धरून क्रेडिट मिळवली. सुरुवातीला जो काळा गाळ मुठीत धरला, त्याची किंमत बाजाराने पहिल्यांदा पुरती मोजली ती तिथे.

निळ्या क्रेडिटला एवढा चढा भाव का? खरेदीदाराला कार्बनबरोबर आणखी काही मिळतं म्हणून. कांदळ वादळाची लाट अडवतं, त्याच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, खेकडे आणि कालवं मिळतात. यांतल्या कशाचीच क्रेडिट निघत नाहीत. पण टनामागे जास्त डॉलर मोजताना विकत घेणाऱ्याच्या मनात हे असतं.

पण भावावर फार विसंबू नये. ऐच्छिक बाजाराची उलाढाल 2021 मध्ये दोन अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. 2023 मध्ये ती 72 कोटी डॉलरच्या आसपास उतरली. त्या वर्षाच्या जानेवारीत काही वृत्तपत्रांनी मिळून एक शोध प्रसिद्ध केला. वर्षावनं वाचवल्याच्या नावावर विकल्या गेलेल्या बऱ्याच क्रेडिटमागे प्रत्यक्षात तेवढं जंगल वाचलंच नव्हतं, असा त्याचा निष्कर्ष होता. आकड्यांबद्दल वाद झाले, अजून चालू आहेत. खरेदीदार मात्र बिचकले. जे गाव पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीसाठी पुढच्या वर्षीच्या क्रेडिटवर अवलंबून आहे, त्याला हा बिचकणारा बाजार परवडत नाही. म्हणून माझं मत असं की गावाचा रोजचा खर्च कार्बनच्या पैशावर टांगू नये. त्यातून एकदा उभी राहिली की टिकेल अशी गोष्ट करावी: विहीर, शाळेची खोली, सुरूचं बन, राखणदारांच्या पगाराचा निधी.

पैसा वाया कसा जातो, हेही सांगायला हवं. फिलिपिन्समध्ये काही दशकं कोट्यवधी रुपयांच्या तोडीचा निधी ओतून कांदळाची लागवड झाली. 2008 साली त्या कामांचा आढावा घेतला गेला, तेव्हा जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारणपणे 10 ते 20 टक्केच निघालं. कारण सोपं होतं. रोपं जिथे लावायची तिथे न लावता जिथे लावणं सोयीचं तिथे लावली होती: उघड्या समुद्रासमोरच्या सखल चिखलपाटावर, जिथे रोपाच्या डोक्यावरून दिवसाचे फार तास पाणी जातं. कांदळाची शेंग झाडावरच रुजते आणि टोकदार होऊन खाली पडते. ती कुणीही चिखलात खोचू शकतं, फोटोही छान येतो. पण जिथे कांदळ उगवायचं तिथे बहुधा ते आपलं आपण उगवतं, फक्त तिथवर भरतीचं पाणी पोचायला हवं. जुन्या कोळंबीतळ्याचा बांध दोन ठिकाणी फोडला, गाळाने बुजलेले ओहोळ मोकळे केले, की बी स्वतःहून येऊन रुजतं. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे, पण पैसा इथे घालायचा असतो.

कार्बन बाजार किनाऱ्याच्या सगळ्या गरजा भागवू शकेल, असंही समजू नये. प्रवाळाचे खडक समुद्राचा मोठा ठेवा आहेत. पण प्रवाळ आपला सांगाडा बनवताना कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, थोडा सोडतोच. त्याच्यावर क्रेडिट निघत नाही. समुद्री शेवाळाच्या शेतीबद्दल खूप बोललं जातं. पण ते कुठे वाहत जातं, किती खोल गाडलं जातं, याची मोजणी अजून भक्कम नाही. अशा ठिकाणी दुसरे मार्ग लागतात. सेशेल्स या छोट्या बेटदेशाने 2018 मध्ये मासेमारीच्या सुधारणेसाठी दीड कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’ काढले; एखाद्या देशाने काढलेले असे ते पहिले रोखे. रोखे परत फेडायचे असतात, क्रेडिटचा पैसा परत द्यायचा नसतो. म्हणून बंदराची, शीतगृहाची, मासळीबाजाराची कामं रोख्यांवर आणि कांदळाची राखण क्रेडिटवर, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

आता आपल्याकडे. भारताने 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापाराची स्वतःची योजना अधिसूचित केली, आणि मार्च 2025 मध्ये तिच्या ऐच्छिक भागासाठी ज्या कार्यपद्धती मंजूर झाल्या त्यांत कांदळवन लागवडीची एक आहे. त्याआधी 2023 मध्येच केंद्राने ‘मिष्टी’ ही योजना आणली. नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे 540 चौरस किलोमीटरवर कांदळवन वाढवण्याचं तिचं उद्दिष्ट. महाराष्ट्राचं काम त्याच्याही आधीचं. 2012 मध्ये कांदळवनांसाठी राज्याने स्वतंत्र कक्ष उभारला, 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. 2021च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार राज्यात 324 चौरस किलोमीटर कांदळवन होतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळ दाखवतात, प्रत्येक जात नावानिशी सांगतात. गाझीतल्या बायकांनीही आपल्या कांदळवनातून लाकडी पायवाट बांधून हेच केलं आहे. दोघींची गाठ पडली तर भाषेची अडचण फार वेळ टिकणार नाही.

पण महाराष्ट्राच्या वाटेत एक विचित्र गाठ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यभर कांदळतोडीवर बंदी घातली आणि सगळं कांदळवन, मग ते सरकारी जागेत असो की खासगी, वन म्हणून राखायला सांगितलं. त्या आदेशाने मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत जे वाचलं ते वाचलं. बाजाराचा प्रश्न मात्र असा असतो: तुमच्या पैशाशिवाय हे झालंच नसतं का? जिथे कायद्यानेच तोड बंद आहे, तिथे ‘आम्ही तोड थांबवली’ म्हणून क्रेडिट मागणं अवघड आहे, आणि ते मागूही नये. आपल्याला क्रेडिट मागता येतील ती उजाड जागा पुन्हा हिरवी केल्याबद्दल: जिथे भराव टाकून पाणी तोडलं गेलं, जिथे मिठागरं सोडून दिली गेली, जिथे खाडीचं तोंड बुजलं.

रायगडात अलिबाग-पेणच्या खारेपाटात ही गाठ आणखी घट्ट होते. इथे पिढ्यान् पिढ्या खाडीला बांध घालून, उघाडीतून पाणी बाहेर सोडून भातशेती केली. उधाणाच्या भरतीत बांध फुटला आणि वेळेवर बांधला गेला नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं. दोन-चार वर्षांत भाताच्या जागी तिवर उभं राहतं. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पण तिवर तोडता येत नाही, भात लावता येत नाही, जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक येत नाही. त्याच्या शेतात दर भरतीला गाळ बसतोय, मुळं खोल जातायत, कार्बन साठतोय. गाव आणि शेतकरी दोघंही त्याचे राखणदार झालेत, मोबदल्याशिवाय.

या जमिनीच्या कार्बनवर हक्क कुणाचा? जमिनीच्या मालकाचा, वनखात्याचा, की त्या खाडीत पिढ्यान् पिढ्या चिंबोऱ्या आणि कालवं धरणाऱ्या कोळणीचा, जिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही? गाझीत याचं उत्तर क्रेडिट विकण्याच्या आधी शोधलं गेलं: आधी वनखात्याशी करार, मग समितीची निवड, मग मोजणी, आणि विक्री सर्वांत शेवटी. आपल्याकडे कार्यपद्धती मंजूर झाली आहे, सल्लागार कंपन्या किनाऱ्यावर येऊ लागतील, कोऱ्या करारनाम्यांच्या प्रती हातात घेऊन. खारेपाटातल्या ग्रामसभांनी त्या येण्याआधी एक दिवस काढावा. फुटलेला बांध, उघाडी आणि तिवराची हद्द तलाठ्याच्या नकाशावर घालून घ्यावी, आणि त्या बैठकीला कालवं काढणाऱ्या बायकांना पुढच्या रांगेत बसवावं.